ऑपेथचा ग्रोल परत आला, मग मधली चार अल्बमं वाया गेली का?

मेलोट्रॉन_कोथरूड:
काल डहाणूकर कॉलनीत टपरीवर तीन कटिंग संपेपर्यंत भांडलो आणि तरी समाधान झालं नाही म्हणून इथे टाकतोय. विषय ऑपेथ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टॉकहोमचा बँड, मिकाएल ऑकरफेल्ट गातो, गिटार वाजवतो आणि जवळपास सगळं तोच लिहितो. २००८ च्या 'वॉटरशेड'पर्यंत यांची ओळख म्हणजे एकाच दहा मिनिटांच्या गाण्यात आधी डेथ मेटलचा तो पोटातून काढलेला राक्षसी ग्रोल आणि मग अचानक एकदम मऊ गळा. २०११ ला 'हेरिटेज' आला आणि ग्रोल गायब. मग 'पेल कम्युनियन', 'सॉर्सरेस', 'इन कॉडा व्हेनेनम', सगळीकडे साधा गळा, ऑर्गन, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा जुना कीबोर्ड), सत्तरच्या दशकातला प्रॉग रॉक, म्हणजे लांबलचक, वळणं घेत जाणारा रॉक. आणि नोव्हेंबर २०२४ ला 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला त्यात ग्रोल परत.

तर आमचा एक मित्र म्हणे, चला, सोळा वर्षांनी पोरगं घरी आलं. इथे माझं डोकं फिरलं.

मी पण तेव्हा शिव्याच घातल्या होत्या हे आधीच कबूल करतो. २०११, कर्वेनगर, चौघांत एक खोली, लॅपटॉपला जोडलेले पिवळे पडलेले स्पीकर, त्यातला डावा वायर धरून ठेवली तरच वाजायचा. 'हेरिटेज'चा पहिला ट्रॅक नुसता पियानो. दोन मिनिटं आम्ही वायर धरून बसलोय की आता फुटेल, आता फुटेल. संपला. पुढच्यात तरी येईल. नाहीच. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला एक जण उठला, म्हणाला मेसला जातो, पोळ्या गार होतील. तो आजतागायत ऑपेथकडे परत आलेला नाही.

पण माझं म्हणणं असं की २०२४ चा अल्बम त्या चार अल्बमांशिवाय झालाच नसता. त्यातली स्ट्रिंग्ज ऐका, जेथ्रो टल या जुन्या प्रॉग बँडच्या इयन अँडरसनची बासरी ऐका, गाणी कशी वळतात ते ऐका, हे 'वॉटरशेड'च्या पुढचं पान नाहीये, हे 'इन कॉडा व्हेनेनम'च्या पुढचं पान आहे आणि त्यावर ग्रोल आलाय. बोला आता.

डबल_बेस_ड्रम:
तो टपरीवरचा मित्र मीच, नाव घातलं नाहीस त्याबद्दल आभार. कटिंगचे पैसे मात्र मीच दिले तेही लिही की.

मुद्दा असा की ऑपेथमध्ये ग्रोल हा वरून भुरभुरलेला नव्हता. मऊ भाग मऊ का वाटायचा, कारण दीड मिनिटापूर्वी तो माणूस गुहेतून ओरडत होता. त्यांचा 'ब्लॅकवॉटर पार्क' अल्बम घे, त्यात शांत गिटार आली की अंगावर काटा येतो तो त्या शांततेमुळे नाही, आधीच्या दणक्यामुळे. दणका काढलास तर उरतं काय, आजोबांच्या रेकॉर्ड्स. कटाशिवाय मिसळ.

मेलोट्रॉन_कोथरूड:
पुण्यात कुठलाही वाद मिसळीपर्यंत आलाच पाहिजे असा नियम आहे का रे?
आणि 'डॅमनेशन'चं काय मग? २००३, अख्खा अल्बम साधा गळा, एक ग्रोल नाही. तो तर तूच मला दिला होतास, पेन ड्राइव्हवर.

डबल_बेस_ड्रम:
'डॅमनेशन' आणि 'डिलिव्हरन्स' बरोबर रेकॉर्ड झाले आणि पाच महिन्यांच्या अंतराने आले, एक काळा एक पांढरा, म्हणजे दणका शेजारच्या डब्यात होताच. शिवाय 'डॅमनेशन'मध्ये गाणी आहेत राव. सुरुवात, मध्य, शेवट असलेली. 'हेरिटेज'मध्ये तुकडे आहेत. एक छान तुकडा, मग ब्रेक, मग दुसऱ्या दुकानातून आणलेला तुकडा, सांधा दिसतो. माझी खरी तक्रार ही आहे, ग्रोलची नंतर. पण हे सांगायला गेलं की सगळे म्हणतात तुला फक्त ओरडणं आवडतं.

रात्रपाळी_हिंजवडी:
मला एवढंच माहिती की त्याचा गळा गेला होता म्हणून त्याने ग्रोल सोडला. वय झालं की होतंच. उगाच कलात्मक निर्णय वगैरे.

घोगरी_मुलगी:
नाही हो. गळा गेला असता तर त्या सगळ्या वर्षांत स्टेजवर जुनी गाणी ग्रोल करून कोणी म्हटली? २०१९ ला आपल्याकडे एनएच सेव्हन वीकेंडर या म्युझिक फेस्टिवलला आले होते तेव्हा मी समोर होते, चांगला दणदणीत होता.

मी स्वतः कॉलेजच्या बँडमध्ये दोन वर्षं ग्रोल केलाय म्हणून सांगते. नीट शिकलं तर गळा बसत नाही. खऱ्या स्वरतंतूंच्या वर अजून एक मांसल जोडी असते, ती वापरायची असते, आणि सगळा जोर पोटातून, श्वासावर. मी आधी गळ्यानेच ओरडायचे, पहिले तीन महिने रोज रात्री हळद-दूध आणि आईचं "कोणाशी भांडून आलीस?". मग एका सिनियरने शिकवलं की आधी सुस्कारा टाक, मोठा, कंटाळलेला माणूस टाकतो तसा, आणि त्यात हळूहळू वजन घाल. तिथून आला आवाज.

पण एकदा आला की लोकांना दुसरं काही नकोच असतं. मी यमन पण शिकलेय हो लहानपणापासून, कोणी म्हटलं नाही यमन गा. घरी पाहुणे आले तरी "ए, ते राक्षसाचं करून दाखव ना". त्यामुळे ऑकरफेल्टला कंटाळा आला असेल तर मला तो शंभर टक्के कळतो. वीस वर्षं एकच करून दाखव म्हटल्यावर कोणीही कंटाळेल.

डबल_बेस_ड्रम:
ताई, कंटाळा येऊ दे की. कंटाळ्याबद्दल तक्रार नाही, कंटाळ्यातून काय निघालं त्याबद्दल आहे. आणि २०१९ चं काढलंच आहे तर आठवा, जुन्या गाण्याचा पहिला ग्रोल आला तेव्हा मैदान कसं उसळलं होतं, आणि नवीन हळू गाणं लागलं की बीअरची रांग किती वाढत होती.

मेलोट्रॉन_कोथरूड:
रांग वाढत होती कारण मनगटावरच्या पट्ट्यात पैसे भरायचं मशीन बंद पडत होतं. तू स्वतः त्या रांगेत होतास, मला फोन करून म्हणालास दोन गाणी गेली.

सवाईची_सतरंजी:
नमस्कार. मी तुमच्या बापाच्या वयाचा. हे संगीत मुलामुळे कानावर पडतं, त्यातला 'डॅमनेशन' मला आवडतो, बाकीच्या वेळी मी गच्चीवर जातो. पण वाद ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. कुमार गंधर्वांच्या बाबतीत हेच झालं. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब तसंच गायचे, लोक थक्क. मग क्षय झाला, एक फुफ्फुस निकामी, देवासला काही वर्षं गाणंच बंद. परत आले ते वेगळेच. छोट्या छोट्या तुकड्यांची तान, माळव्याची लोकगीतं, नवे राग, कबीर. नाकं मुरडणारे भरपूर होते, ही गायकी कुठल्या घराण्याची म्हणून विचारणारे. मी पण तरुणपणी एकाशी यावरून सहा महिने अबोला धरला होता, आज त्याच्याशी सोयरीक आहे. कलाकाराने बदलूच नये हा हट्ट रसिकाचा असतो, कलाकाराचा नसतो.

डबल_बेस_ड्रम:
काका, आदर ठेवून सांगतो, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने लागतंय. कुमारजी नकलेपासून सुरू झाले आणि स्वतःच्या गाण्याकडे आले. ऑपेथ स्वतःच्या गाण्यापासून सुरू झाला आणि नकलेकडे गेला. 'हेरिटेज' ऐकताना किंग क्रिमसन, कॅमल, जेथ्रो टल हे सत्तरच्या दशकातले बँड एकेक करून मोजता येतात. उलटी गंगा. बदलाला विरोध नाही हो, मागे बदलायला विरोध आहे.

सवाईची_सतरंजी:
हे उत्तर चांगलं दिलंत. चहा घेऊन येतो.

मेलोट्रॉन_कोथरूड:
काका शरण जाऊ नका एवढ्या लवकर!

बेस्या, तू ज्याला "स्वतःचं गाणं" म्हणतोस त्यात सत्तरचं दशक आधीपासून भरलेलं आहे. 'ब्लॅकवॉटर पार्क' हे नावच मुळात सत्तरच्या सुरुवातीच्या एका जर्मन बँडचं. १९९९ च्या 'स्टिल लाइफ'मधलं 'बिनाइटेड' ऐक आणि लगेच कॅमलचं 'नेव्हर लेट गो' ऐक, सुरुवातीची गिटार, मग मला फोन कर. आपण तेव्हा कॅमल ऐकलेला नव्हता म्हणून आपल्याला ते ओरिजिनल वाटायचं. २०११ ला त्याने फक्त वरचं झाकण काढलं.

आणि अजून एक. 'हेरिटेज'साठी त्याने आधी 'वॉटरशेड'च्याच वळणाची एक-दोन गाणी लिहिली होती. ती बेसिस्ट मेंदेसला ऐकवली तर तो म्हणाला की असंच पुढे चालू राहिलं तर माझी निराशा होईल. ती गाणी मग टाकून दिली. म्हणजे तुला हवा होता तो अल्बम सुरू झाला होता, बँडलाच नको होता.

डबल_बेस_ड्रम:
'बिनाइटेड' ऐकलं. 'नेव्हर लेट गो' पण ऐकलं.
च्यायला.
बरं, हा एक मुद्दा तुझा. मेंदेसचा नाही, बँडला आवडलं म्हणजे मला आवडलं पाहिजे असं कुठे लिहिलंय. 'हेरिटेज'च्या कव्हरवर पण बघ, झाडाला फळांसारखी मेंबरांची डोकी आणि त्यातलं एक खाली पडतंय, तो बँड सोडून गेलेला कीबोर्डवाला पेर वीबर्ग. मला ते बघताना नेहमी वाटतं की त्या झाडाखाली पब्लिक म्हणून आपण पण पडलोय.

चौथा_मजला_सिंहगड_रोड:
मी उलट्या बाजूने आलोय, 'पेल कम्युनियन' ऐकून ऑपेथ लागला आणि मग मागे गेलो. मागचं पण आवडतं पण गाडीत आई असली की मधलेच चार अल्बम लावता येतात. आईला 'इन कॉडा व्हेनेनम' एवढा आवडलाय की विचारते, ते कीर्तनासारखं लाव ना. तो स्वीडिश आणि इंग्लिश दोन्हीत आलाय, आम्ही स्वीडिशवालाच लावतो.

रात्रपाळी_हिंजवडी:
शब्द कळतात का?

चौथा_मजला_सिंहगड_रोड:
ग्रोलमध्ये तुम्हाला कळतात का?

घोगरी_मुलगी:
मेले 😂

मेलोट्रॉन_कोथरूड:
तेच. बेस्या, तू स्वीडिशवाला ऐकलायस का कधी पूर्ण? खरं सांग. तू २०११ ला दार लावलंस ते २०२४ ला उघडलंस, मधल्या खोलीत काय सामान आहे ते बघितलंच नाहीस. 'सॉर्सरेस' मला पण डोईजड होतो, तो सोड. हा ऐक, रात्री, हेडफोनवर.

डबल_बेस_ड्रम:
इंग्लिश ऐकला होता, २०१९ ला शोच्या आधी, अभ्यास म्हणून. जिममध्ये. लक्ष नव्हतं हे मान्य. पाठव लिंक.

डबल_बेस_ड्रम:
(दुसऱ्या दिवशी) ऐकला. पहाटे दोनला, दिवे घालवून, बायको म्हणाली चर्चमध्ये कोण गेलं. सांधे दिसत नाहीयेत यात, तेवढं सांगतो. त्या मोठ्या कोरसच्या आधी जिथे सगळं थांबतं आणि नुसता त्याचा श्वास ऐकू येतो तिथे दोनदा मागे गेलो. गंमत म्हणजे मी तिथे सवयीने ग्रोलची वाट बघत होतो, आला नाही, आणि त्या न येण्याचाच दणका बसला.

'हेरिटेज' मात्र अजून तुकडेच आहे. त्यावर मी हलणार नाही.

मेलोट्रॉन_कोथरूड:
रविवारी नऊला टपरी. 'हेरिटेज' फोनवर घेऊन येतो, गाणं गाणं घेऊ, सांधे दाखव. कटिंग माझ्याकडून.

सवाईची_सतरंजी:
कुठली टपरी? मुलाला पाठवतो. जमलं तर मी पण येतो.