आवडती कादंबरी पुन्हा वाचताना क्रम कुणाचा, लेखकाचा की वाचकाचा?

ओसरी

आमच्या वाचनमंडळाच्या गेल्या बैठकीत एका सदस्यांनी ठामपणे मांडले की कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचावी, वाचून झाली की कपाटात ठेवावी आणि पुढच्या पुस्तकाकडे वळावे. तीच कादंबरी पुन्हा पुन्हा काढून, तीही मधूनच उघडून वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे. मला हे मुळीच पटले नाही. बैठकीत बोलायला वेळ उरला नव्हता, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

पहिले वाचन सलग आणि पूर्ण व्हावे, याबद्दल माझा वाद नाही. पण ते झाल्यावर ती कादंबरी कुठून उघडायची, कोणता भाग सावकाश वाचायचा, कोणता ओलांडून जायचा आणि कुठे थांबायचे हे वाचकाने ठरवावे. कादंबरीचा सगळा आनंद ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेत असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी मराठी वाचकांच्या सर्वांत लाडक्या कादंबऱ्यांकडे पाहावे. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली, तेव्हा ती हाती घेणाऱ्या बहुतेकांना माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वयाच्या २७व्या वर्षी क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे आधीच ठाऊक होते. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ १९६७ची. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे तिच्या कोणत्या वाचकाला माहीत नव्हते? शेवट माहीत असूनही, किंबहुना तो माहीत असल्यामुळेच, वाचकांनी या कादंबऱ्या जिवाशी धरल्या.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’बद्दल थोडे अधिक लिहिते, कारण ती मी सर्वांत जास्त वेळा वाचली आहे. कॉलेजात असताना मला तिच्यात फक्त पुण्याचे होस्टेल, मेसची भानगड आणि पांडुरंग सांगवीकरचा सगळ्यांवरचा राग दिसला. वडिलांची पात्रता मी तेव्हा एका शब्दात ठरवून टाकली होती. पुढे घरखर्चाचा हिशेब स्वतः मांडायची वेळ आली, तेव्हा मुलाने उधळलेल्या पैशांचे उल्लेख माझ्या डोळ्यांना टोचू लागले आणि परीक्षेत नापास होऊन गावी परतलेल्या मुलाला घरात घेणाऱ्या बापाबद्दल मी पहिल्यांदाच विचार केला. कादंबरीतला एकही शब्द बदललेला नव्हता. धाकट्या मनीच्या मृत्यूची पाने मात्र प्रत्येक वयात तितकीच जड गेली. कधी मी पुस्तक उघडून केवळ तेवढीच पाने वाचते, कधी ती जाणूनबुजून वगळते, कारण त्या दिवशी ती सोसण्याइतके बळ मनात नसते. या दोन्ही गोष्टी मी त्या कादंबरीवरच्या प्रेमापोटी करते आणि त्यात लेखकाचा कोणताही अनादर आहे असे मला वाटत नाही.

आडवाट

पुन्हा वाचण्याला माझा विरोध नाही. ‘आपापल्या पद्धतीने’ या शब्दांना आहे. कादंबरी ही रचना असते, आणि रचनेत कोणती गोष्ट कशानंतर येते यालाच अर्थ असतो.

आपण ‘मृत्युंजय’चे उदाहरण दिलेत, तेच घेऊ. तिच्या नऊ भागांत सहा जण बोलतात. कर्ण पुन्हा पुन्हा बोलायला येतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण यांच्या वाट्याला एकेक भाग आहे. माझ्या परिचयातले कितीतरी वाचक ‘मी फक्त कर्णाचे भाग वाचतो’ किंवा ‘वृषालीचा भाग मला सर्वांत प्रिय, तोच उघडतो’ असे सांगतात. आता नववा भाग श्रीकृष्णाच्या मुखी का दिला आहे याचा विचार करावा. कर्ण स्वतःचा मृत्यू सांगू शकत नाही. इतकी पाने ज्याचा आवाज आपण ऐकत आलो, तो आवाज तिथे बंद होतो आणि त्याचा शेवट आपल्याला दुसऱ्याच्या, तेही विरुद्ध पक्षाला उभ्या असलेल्याच्या, तोंडून ऐकावा लागतो. हा आघात आधीच्या आठ भागांवर उभा आहे. निवडून वाचणाऱ्याला श्रीकृष्णाचा भाग म्हणजे आणखी एक निवेदन वाटेल, आणि कर्णाचे गप्प होणे त्याच्या लक्षातही येणार नाही.

दुसरे उदाहरण व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’चे. ती १९५५ची, जेमतेम दीडशे पानांची कादंबरी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा सुरू करतो, गावाला हाताशी धरून तालीम बांधतो. तालमीचे उद्घाटन होते तिथपर्यंत वाचून पुस्तक मिटणारे वाचक मी पाहिले आहेत, आणि ‘किती निर्मळ गाव, किती साधी माणसे’ हा त्यांचा अभिप्रायही ऐकला आहे. पण त्यापुढे दुष्काळ आहे. मेंढरे मरतात, वाडी ओस पडते, मास्तरही निघून जातो. ही पाने ज्याने गाळली त्याने ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचली असे मी म्हणणार नाही. माडगूळकरांनी जी कधीच लिहिली नाही अशी एक गोड गोष्ट त्याने मनात रचली. वाचकाचे स्वातंत्र्य म्हणून आपण ज्याचा पुरस्कार करता, त्यातून अवघड तेवढे टाळण्याची सवय लागते, याची मला खरी काळजी वाटते.

निशिगंध

मी तालुक्याच्या ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते, त्यामुळे या चर्चेला प्रत्यक्षातली एक बाजू जोडावीशी वाटते. पुन्हा वाचणारा वाचक आम्हाला लगेच ओळखू येतो. तो तालिका पाहत नाही, थेट मांडणीकडे जातो आणि पुस्तक जागेवर नसेल तर ‘कुणाकडे आहे, कधी परत येणार’ असे विचारतो. नवे काही सुचवले तर नम्रपणे नको म्हणतो. एक आजी दर पावसाळ्यात श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड नेतात. त्यांचे माहेर खेड तालुक्यातले, जगबुडी नदीच्या खोऱ्यातले. आता डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे नात त्यांना वाचून दाखवते आणि कोणते प्रकरण वाचायचे ते आजी सांगतात. त्यांना तो सगळा प्रदेश आणि ती सगळी माणसे पाठ आहेत. त्यांनी प्रकरणे क्रमानेच ऐकावीत असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे, ते आडवाट यांनी सांगावे.

एक विनंती मात्र सर्वांना आहे. आवडत्या ओळींखाली रेघा स्वतःच्या प्रतीत माराव्यात, ग्रंथालयाच्या नव्हे. दुसऱ्याच्या रेघा पुढच्या वाचकाचे डोळे बांधून ठेवतात, आणि आपल्या पद्धतीने वाचण्याचा हक्क त्यालाही आहे.

सह्यकडा

क्रमाचा वाद मला दुय्यम वाटतो. त्या बैठकीतल्या सदस्यांचा खरा मुद्दा वेळेचा होता आणि तो येथे बाजूला पडला आहे. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती अनेकदा हजारभर प्रतींची असते आणि तीही संपायला वर्षे लागतात. अशा परिस्थितीत जाणकार वाचक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच दहा-बारा नावांभोवती फिरत राहिले, तर आज लिहिणाऱ्याने कुणासाठी लिहावे?

नेमके उदाहरण देतो. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ची. धरणग्रस्तांच्या विस्थापनाची ती कादंबरी अनेकांनी पुन्हा पुन्हा वाचली आणि ते योग्यच झाले. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तीही धरणामुळे उठलेल्या गावाचीच आहे, पण तिची नजर माणसांबरोबर मागे राहिलेल्या जनावरांकडे वळते. माणूस गाव सोडून गेल्यावर म्हशीचे काय होते, ती पुन्हा रानटी कशी होत जाते, हा प्रश्न इतक्या जवळून विचारणारी दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही. ‘झाडाझडती’ अनेकदा वाचलेल्या माझ्या मित्रांपैकी फारच थोड्यांनी ‘रिंगाण’ उघडली आहे. पुन्हा वाचण्याचा आनंद मला समजतो. त्या आनंदाची किंमत कोण मोजतो, हेही विचारले पाहिजे.

ओसरी

आडवाट यांचे ‘मृत्युंजय’विषयीचे निरीक्षण मला फार आवडले. पण नवव्या भागात कर्णाचा आवाज बंद झाला आहे, हे पहिल्याच वाचनात किती जणांना जाणवते? पहिल्या वेळी आपण युद्धाच्या वेगात वाहत असतो. निवेदक बदलला आहे हे कळते, तो का बदलला हे पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाचनात उमगते. फक्त वृषालीचा भाग उघडून बसणाऱ्या वाचकालाही नववा भाग आठवत असतो. वृषाली आपल्या पतीबद्दल बोलत असताना, या पतीचा मृत्यू कोण सांगणार आहे ते त्याला माहीत असते, आणि म्हणून तिची साधी वाक्येही त्याला वेगळी ऐकू येतात. एकदा पूर्ण वाचलेली कादंबरी कुठूनही उघडली तरी सगळी मनात हजर असते. लेखकाचा क्रम मोडतो असे आपण म्हणता. माझ्या अनुभवात तो मनात मुरलेला असतो, म्हणूनच मधून वाचणे शक्य होते.

‘बनगरवाडी’च्या बाबतीत मात्र मी आपल्याशी निम्मी सहमत आहे. शेवट गाळणाऱ्याचा अभिप्राय चुकीचा आहेच. पण दुष्काळ आणि हालअपेष्टा केवळ शेवटच्या पानांत आहेत, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते आणि ते तसे नाही. शेकूला नांगराला दुसरा बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जुवाला खांदा देते, हे तालमीच्या खूप आधी नव्हे का येऊन जाते? माडगूळकर तिथे एकही भावूक शब्द वापरत नाहीत, म्हणून पहिल्या वाचनात नजर त्यावरून सहज पुढे सरकते. मी ते पान जितक्या वेळा उघडले तितक्या वेळा ‘निर्मळ गाव’ हा शब्दप्रयोग माझ्या तोंडून निघेनासा झाला. ज्या वाचकाची आपल्याला काळजी आहे, त्याला पुन्हा ‘बनगरवाडी’कडे जाऊ द्यावे, त्याला हव्या त्या पानाने जाऊ द्यावे. त्या पुस्तकात लपायला जागा फार थोडी आहे.

सह्यकडा यांना इतकेच सांगते की ‘रिंगाण’ मी वाचली आहे आणि त्यानंतर ‘झाडाझडती’ पुन्हा काढली. या वेळी जिथे जिथे गुरांचा उल्लेख आला तिथे थांबले. आधीच्या वाचनांत तिथे थांबण्याचे कारणच नव्हते. नवी कादंबरी जुनीला नवे डोळे देते, म्हणून या दोन वाचनांत मला वैर दिसत नाही. ज्यांनी ‘रिंगाण’ उघडली नाही त्यांनी ती उघडावी, हा आग्रह मात्र रास्त आहे आणि मीही तो धरते.

जुनी पेठ

‘सलग वाचन’ ही इतकी पवित्र गोष्ट कधी झाली, हे पाहण्यासाठी हरिभाऊ आपट्यांकडे जावे. ‘पण लक्षात कोण घेतो!’ वाचकांसमोर आली ती १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून, हप्त्याहप्त्याने. यमूची कहाणी त्या वाचकांनी तुकड्यांत वाचली, मधले अंक कुणाचे हुकलेही असतील, आणि दोन हप्त्यांमधल्या दिवसांत घरोघर तिची चर्चा झाली असेल. यमूच्या केशवपनाचे प्रकरण वाचून अंक खाली ठेवल्यावर पुढचा अंक येईपर्यंत त्या वाचकाने तो प्रसंग मनात किती वेळा घोळवला असेल! मराठी कादंबरीच्या जडणघडणीतच थांबत थांबत, मागे वळत वाचणे आहे.

आडवाट

जुनी पेठ यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. हप्ते लेखकाने पाडले होते, आणि कुठे थांबायचे तेही त्यानेच ठरवले होते. ‘करमणूक’च्या वाचकाला यमूच्या वैधव्याकडे तिच्या बालपणावरूनच जावे लागले. सासरचे पान नको म्हणून माहेरचे पान उघडण्याची मुभा त्याला नव्हती, आणि त्या कादंबरीने समाजाला जे हलवले त्यामागे ही सक्तीही होती असे मी मानतो.

निशिगंध यांच्या आजींना मी काहीही सांगणार नाही. ज्या वाचकाने दोन खंड इतक्या वर्षांत आत्मसात केले, त्याला क्रमाची गरज उरत नाही, आणि ओसरी यांचे ‘मनात मुरलेला क्रम’ हे म्हणणे त्या आजींना पूर्णपणे लागू पडते. माझा आक्षेप उरतो तो एकदाच घाईने वाचून पुढे आयुष्यभर निवडक पानांवर राहणाऱ्या वाचकापुरता.

त्याच्यासाठी विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’चे नाव घेतो. १९३९ सालच्या या छोट्या कादंबरीत युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. प्रवासातले प्रेमाचे प्रसंग सुटे वाचायला अतिशय मोहक आहेत, आणि पुष्कळांच्या आठवणीत तेवढेच उरले आहेत. पण प्रत्येक प्रसंगागणिक मुंबई जवळ येत असते. तिथे चक्रधर उतरणार आहे, आणि हॅर्टाला उतरण्यासाठी जगात देश उरलेला नाही. बंदर जवळ येण्याची ही जाणीव सुट्या पानांत मिळत नाही. पुन्हा वाचतानाही ती बोटीवर पहिल्यापासून चढल्याशिवाय मिळत नाही, निदान मला तरी मिळालेली नाही. ‘कोसला’ची निवडक पाने ओसरी यांनी खुशाल वाचावीत. ‘रणांगण’ मात्र त्यांनी एकदा पुन्हा पहिल्या पानापासून, एका बैठकीत वाचावी आणि मग येथे लिहावे.

ओसरी

वाचते. हॅर्टाची शेवटाकडची पत्रे मी आजवर नेहमी आधी काढून वाचत आले आहे. या वेळी ती जिथे आहेत तिथेच वाचीन आणि काय फरक पडला ते मोकळेपणाने लिहीन. मात्र आडवाट यांनीही एक करावे: ‘मृत्युंजय’मधला एकटा वृषालीचा भाग, मागचे-पुढचे काही न उघडता, एखाद्या दुपारी वाचून पाहावा, आणि वाचताना श्रीकृष्णाचा नववा भाग त्यांना आठवतो की नाही ते सांगावे.