पोलंडच्या सरदारांचं अभय: ज्यूंना त्यानं तारलं की अडकवलं?

निळावंती: १५३९ साली पोलंडचा राजा पहिला झिग्मुंट यानं सरदारांच्या खासगी गावांतल्या ज्यूंवरचा आपला अधिकार सोडला. कर तुम्ही घेता, तर सांभाळाही तुम्हीच, असा त्याचा हिशेब. माझ्या मते ज्यूंचं खरं बस्तान तिथून बसलं. स्पेननं १४९२ मध्ये सेफार्दी, म्हणजे तिथल्याच, ज्यूंना हाकललं. इकडे पोलिश सरदार यान झामोयस्कीनं १५८८ मध्ये आपल्या नव्या झामोश्च शहरात सेफार्दींना कौल देऊन वसवलं. अठराव्या शतकात तर पोलंड-लिथुआनियातले निम्म्याहून जास्त ज्यू खासगी गावांत होते. उगाच राहिले का?

भास्कर_वाई: राहिले, कारण बाकी दारं बंद होती. आणि किंमत काय मोजली? सरदार वॉर्सात, गिरणी, पथकर, दारूचा गुत्ता यांचा इजारा, म्हणजे वसुलीचा मक्ता, ज्यू कुटुंबाकडे. रयतेला धनी दिसायचाच नाही, दिसायचा तो वसुलीला आलेला ज्यू. १६४८ साली युक्रेनमधल्या कोसॅक लढवय्यांचा पुढारी खमेलनित्स्की यानं पोलिश सत्तेविरुद्ध बंड केलं, त्यात त्याचा सूड तिथल्या नेमिरिव्ह, तुल्चिन या गावांतल्या ज्यूंवर निघाला. त्या काळचं हिब्रू इतिवृत्त सांगतं की तुल्चिनच्या किल्ल्यात पोलिश सरदारांनी स्वतःचा जीव वाचवायला ज्यूंना कोसॅकांच्या हवाली केलं. याला अभय म्हणायचं?

निळावंती: त्याच इतिवृत्तात यरेमी विश्न्योव्हेत्स्की या सरदाराचं कौतुकही आहे. माघार घेताना त्यानं ज्यूंना सोबत नेलं, वाऱ्यावर सोडलं नाही. तुल्चिनची फितुरी सगळ्यांच्या माथी मारू नका.

मृणाल: मला एक पूल आठवतो. अठराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ सॉलोमन मायमन याच्या आजोबांकडे लिथुआनियात नेमन नदीकाठी राजिविल या सरदार घराण्याच्या जमिनीचा इजारा होता. तिथला पूल मोडकळीला आलेला. करारानं दुरुस्ती धन्याकडे, पण धन्याला फिकीर नाही. एखाद्या सरदाराची गाडी पुलावर फसली, की इजारदाराला ओढत आणून फटके मारायचे. शेवटी आजोबांनी पुलापाशी माणूस बसवला. तो धावत वर्दी घेऊन आला की अख्खं घर जंगलात पळायचं, कधी रात्रभर उघड्यावर. कागद हातात होता हो, पण दाखवणार कुणाला? न्यायनिवाडाही धन्याचाच.

रेवदंडेकर: म्हणूनच आमच्या कुलाब्याकडचे (आताच्या रायगडातले) बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मला वेगळे वाटतात. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली'. गावच्या बलुत्यांसारखेच एक. धनी आणि कूळ यांच्यामध्ये त्यांना कुणी उभं केलं नाही.

भास्कर_वाई: अगदी! घाव बसतो तो मधल्यावर.

निळावंती: पुलाची गोष्ट वाचून वाईट वाटलं, मृणालताई. पण त्या आजोबांनी जायचं कुठे? राजाच्या कित्येक शहरांना ज्यूंना बाहेर ठेवण्याची सनद होती, वॉर्साला तर १५२७ पासून. पुढे वॉर्सात जे ज्यू टिकले त्यांतले बरेच सरदारांच्या मालकीच्या वाड्या-आवारांत राहत होते, कारण शहराचा कायदा तिथे चालत नसे.