कोळंबीची तळी चालतात, मग समुद्रकाकडीची का नाही?

एका दादांनी विचारलेला प्रश्नच शीर्षकात घातलाय. समुद्रकाकडी म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा, काकडीच्या आकाराचा मऊ प्राणी. तिची पैदास करायचं तंत्र आपल्याकडे नाही, असं कुणाला वाटेल, पण ते खरं नाही. तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 1988 मध्येच वाळूतल्या जातीची (होलोथुरिया स्काब्रा) पिल्लं टाकीत तयार केली होती. पाणी तीन-चार अंशांनी गरम केलं की नर आधी बीज सोडतो, मग मादी. अळी दोनेक आठवडे सूक्ष्म शेवाळ खात तरंगते आणि खरी कसोटी पुढेच असते: तिला तळाला बसायचं असतं. शेवाळाचा थर चढलेली पाटी मिळाली नाही, तर ती बसतच नाही. कोळंबीची घाई इथे उपयोगाची नाही. बाजारात जाण्याजोगी व्हायला वर्ष तरी लागतंच.

दुसरी अडचण कायद्याची. 2001 पासून सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत! पकडणं, विकणं बंद.

आमच्या बडोद्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेच्या कपाटात एक बरणी होती. आत सुरकुतलेली तपकिरी काकडी आणि शेजारी तिचंच आतडं, शेवयांच्या गुंत्यासारखं. कुणीतरी तिला गुंगी न देता थेट फॉर्मेलिनमध्ये टाकलं असणार. घाबरली की ती आतडंच बाहेर फेकते. जिवंत असती तर काही आठवड्यांत नवं उगवलंही असतं. आम्ही जर्नलमध्ये मात्र ते आतडं वेगळा प्राणी म्हणून काढलं होतं, आणि सरांनी सहीसुद्धा केली!