मदत हवी आहे: नवख्या मंडळींना लिनक्स कसं समजावून सांगावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयातले कॉम्प्युटर जुने आहेत. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिपच नाही. शेवटी कमिटीच्या होकाराने विंडोजच्या जागी लिनक्स मिंट (तशीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण फुकट) टाकलं. चालतंय झकास. पण रविवारी सभासदांना तासाभरात हे सगळं समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. निवृत्त शिक्षक, स्पर्धा परीक्षेची पोरं, बचत गटाच्या ताई असे सगळे येणार.

ग्रंथपालकाकांवर रंगीत तालीम करून पाहिली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हे इंजिन. उबुंटू, फेडोरा, मिंट म्हणजे त्यावर बांधलेल्या निरनिराळ्या गाड्या, असं म्हटलं. काका म्हणाले, "मग सर्व्हिसिंग कुठे?" खरं अडतं ते 'फुकट'वर. इकडे विंडोजही दुकानदार 'असंच', विनापरवाना, टाकून देतो. म्हणून पहिला प्रश्न, "हेही क्रॅकच, म्हणजे चोरीचंच ना?" नाही म्हटलं की दुसरा, "मग बनवणाऱ्यांचं पोट कसं भरतं?"

सुरुवात कुठून करू? जाणकारांनी सांगावं.

खटपट्या:
कर्नल-बिर्नल पहिल्या दिवशी नकोच. मशीन सुरू करा, पेनड्राइव्ह लावा. कोणीतरी "सी ड्राइव्ह कुठाय?" विचारणारच. तिथून धरा. इथे सी-डी ड्राइव्ह नसतात, आपलं सगळं सामान 'होम' फोल्डरमध्ये, पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत. मग विंडोजच्या प्रोग्रॅमच्या ईएक्सई फाइलवर डबल क्लिक करून दाखवा, प्रोग्रॅम चालत नाही हे त्यांना बघू दे. प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचा, फोनवर प्ले स्टोअरमधून घेतो तसा. त्याच ओघात सांगा, अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचंच कर्नल आहे. निम्मी भीती तिथेच जाते. टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) मात्र उघडू नका हो, हॅकिंगची शिकवणी वाटते लोकांना!

जुनाजाणता:
पोटाच्या प्रश्नाला टाळू नका, शिक्षक मंडळी तोच धरून बसतील. लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत शिकत असताना १९९१ मध्ये त्याने लिनक्स सुरू केलं. १९९२ मध्ये त्याने कर्नल जीपीएल परवान्याखाली आणलं: वापरा, बदला, वाटा, पण बदललेलं वाटलंत तर त्याचा सोर्स कोडही (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) द्या. म्हणजे कॉपी करून शेजाऱ्याला देणं इथे कायदेशीर आहे, क्रॅकचा प्रश्नच येत नाही. कर्नलवरचं बरंचसं काम आज इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात, कारण त्यांचा धंदाच त्यावर चालतो. रेड हॅट सपोर्ट विकून कमावते. आयबीएमने २०१९ मध्ये ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. मिंटसारखे प्रकल्प देणग्या आणि प्रायोजकांवर चालतात. काकांच्या सर्व्हिसिंगचं उत्तर: मिंट २२ ला अपडेट २०२९ पर्यंत, अपडेट मॅनेजरवर क्लिक करायचं, झालं.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. कंपन्यांचं उदाहरण पटेल असं वाटतंय. एक राहिलं, मराठी टायपिंग? आणि वाचनालयाची जुनी इतिवृत्तं?

खटपट्या:
कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड मिळतो. 'ghar' टाइप करून 'घर' हवं असेल तर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाका. इतिवृत्तं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या) असतील तर तो फॉन्ट नसताना लिबरऑफिसमध्ये (वर्डच्या जागचं सॉफ्टवेअर) रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. फॉन्ट नसेल तर विंडोजवरही तेच होतं, पण खापर लिनक्सवर फुटेल, म्हणून एक फाइल आधीच उघडून बघा. आणि कोणी हिशोबाचं टॅली विचारलं तर सरळ सांगा, ते विंडोजसाठीच बनतं. बचत गटाच्या ताईंना हे रविवारच्या आधी कळलेलं बरं.