मदत हवी आहे: लहान क्रूझवर आईबाबांसाठी कोणती केबिन घ्यावी?

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे. आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत, म्हणून सप्टेंबरात क्रोएशियातली स्प्लिट ते दुब्रोवनिक अशी आठवड्याची सफर ठरवतोय. जहाज लहान, जेमतेम चाळीसेक प्रवासी. लिफ्ट नाही.

खालच्या डेकची केबिन स्वस्त आहे. जहाजाच्या मध्यभागी आणि पाण्यालगत हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात, हे ठाऊक आहे. आईला घाटातसुद्धा मळमळतं, त्यामुळे तीच घ्यावी असं आधी वाटलं. पण खाली उतरायचा जिना उभा आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात. शिवाय तिथली गोल खिडकी उघडत नाही.

मधल्या डेकला जिना कमी, खिडकी उघडते, पैसे जास्त. तरी माझं मन तिकडेच ओढतंय. जहाज दिवसा चालतं, रात्री बंदरात थांबतं, म्हणजे हेलकाव्यांच्या वेळी आई वर मोकळ्या हवेतच बसेल ना? मात्र बंदरात जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात म्हणे. मग खिडकीसमोर शेजारच्या जहाजाची भिंत!

तिथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा: रात्री जनरेटरचा आवाज कुठे जास्त येतो? बाथरूमचा उंबरठा किती उंच असतो? आणि दोन वेगळे पलंग मागितले तर मिळतात का? आगाऊ रक्कम याच आठवड्यात भरायची आहे.