ॲक्वाचा कोणता अल्बम भेट द्यावा? (बजेट १५०० रु.)

रानजाई
नमस्कार मंडळी. धाकटी मावसबहीण पुढच्या महिन्यात चाळिशीची होतेय. शाळेत असताना तिनं ॲक्वाची ('बार्बी गर्ल'वाला डेन्मार्कचा पॉप बँड) कॅसेट इतकी वाजवली की फीत ओढली जाऊन शेवटी त्यातल्या गायिकेचा, लेनेचा, आवाजही गायक रेनेसारखा घोगरा येऊ लागला होता. तिच्याकडे सीडी प्लेअर आहे, टर्नटेबल नाही. 'ॲक्वेरियम' (१९९७) घेऊ, 'ॲक्वेरियस' (२०००) की २००९ चं 'ग्रेटेस्ट हिट्स'? कुरिअर धरून १५०० पर्यंत.

कॅसेटवेडा
डोळे मिटून विनाइल (टर्नटेबलवर वाजणारी तबकडी) घ्या. मी गेल्या दिवाळीत मागवलं, साडेचार हजार पडले, पण बेस काय घुमतो! टर्नटेबलही आठ-नऊ हजारांत येईल.

रानजाई
धन्यवाद, पण बजेट १५०० आहे.

चिंचवडकर
व्हेंगाबॉइज द्या. आमच्याकडे हळदीला अजून तेच लागतं.

दर्यावर्दी
@चिंचवडकर, व्हेंगाबॉइज नेदरलंड्सचे. इथं विषय स्कँडिनेव्हियाचा आहे. आणि तिकडचं द्यायचंच तर एस ऑफ बेस द्या, स्वीडनचे, योतेबोरीचे. तीन भावंडं आणि एक मित्र. त्यांच्यापुढे ॲक्वा म्हणजे बालगीतं.

निशिगंध
बालगीतं? 'टर्न बॅक टाइम' ऐका. 'बार्बी गर्ल'मधला तो चिरका आवाज सोडून लेने तिच्या मूळच्या खालच्या पट्टीत गाते, रेनेचं गुरगुरणं नाही, संथ ठेका. ते १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याआधी 'बार्बी गर्ल' चार आठवडे तिथंच होतं, मग 'डॉक्टर जोन्स'. सलग तीन! तिन्ही गाणी 'ॲक्वेरियम'वर आहेत. तेच घ्या.

आंबोळी
+१ ॲक्वेरियम. फक्त वापरलेली सीडी घेताना आतली पुस्तिका आहे का ते विचारा, आणि चकतीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. मला एका ऑनलाइन विक्रेत्यानं 'नव्यासारखी' म्हणून पाठवलेली चौथ्या गाण्यावर अडकते. पैसे अजून परत नाहीत.

कॅसेटवेडा
म्हणूनच विनाइल.

दर्यावर्दी
अवांतर: बार्बीवाल्या मॅटेल कंपनीनं कोर्टात खेचल्यामुळेच बँड फुटला ना?

निशिगंध
नाही. खटला रेकॉर्ड कंपनीवर होता आणि २००२ मध्ये मॅटेल अपिलातही हरली. न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांना शांत व्हायचा सल्ला देऊन निकाल संपवला. बँड २००१ मध्येच थांबला होता. पुढे २००९ मध्ये मॅटेलनं तेच गाणं शब्द बदलून स्वतःच्या जाहिरातीत वापरलं!

चिंचवडकर
लग्नामुळे फुटला. लेने आधी रेनेबरोबर होती, मग २००१ मध्ये बँडमधल्याच सोरेनशी लग्न. असा बँड टिकेल कसा?

आंबोळी
लग्नावर कशाला ढकलायचं? दुसरा अल्बम पहिल्याच्या मानानं फार कमी खपला. त्यात आधीची काही वर्षं नुसती धावपळ. माणसं थकतात. २००८ मध्ये हेच चौघं पुन्हा मंचावर आलेच की! चौथा, क्लाउस, बँड सोडून गेला तो २०१६ मध्ये.

दर्यावर्दी
आणि २०२५ मध्ये त्यांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. तरी मी म्हणतो, एस ऑफ बेस.

मुळामुठा
सगळं फोनवर फुकट ऐकता येतं. १५०० मध्ये छान कुर्ता येईल.

आंबोळी
'ग्रेटेस्ट हिट्स' घेऊ नका. जुनी गाणी तिला पाठ असणार, आणि अल्बमचा मूळ क्रम मोडतो. ॲक्वेरियमच. +१ परत एकदा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. 'ॲक्वेरियस' मागवलाय, वापरलेली सीडी, पुस्तिकेसकट, कुरिअर धरून ११५० रुपये. मागच्या बाजूचा फोटो आधी मागवून बघितला, आंबोळी यांचे खास आभार. पहिल्या अल्बमचा शब्द न् शब्द तिला पाठ आहे. दुसरा आला तेव्हा अभ्यासासाठी मावशीनं टेप माळ्यावर टाकला होता, त्यामुळे 'कार्टून हीरोज' सोडलं तर त्यातलं काहीच तिनं ऐकलेलं नाही. तिच्या आवडत्या चौघांची आख्खी एक सीडी तिच्यासाठी कोरी आहे, मग तीच द्यायची. शेवटचं गाणं 'गुडबाय टू द सर्कस' तर मी आत्ताच ऐकलं, फार आवडलं.

निशिगंध
ॲक्वेरियस?? 'टर्न बॅक टाइम' नाही त्यात!

कॅसेटवेडा
विनाइल लागलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.