‘आत्मभक्षण’ करणारी पेशी जगते कशी?

रेघ :
रक्ताच्या कर्करोगावरील एक माहितीपर लेख मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आहे आणि त्यातील एका वाक्यापाशी मी आठवडाभर अडले आहे. ल्युकेमियाच्या काही पेशी औषधांचा मारा सुरू झाला की ‘ऑटोफॅजी’ वाढवतात आणि त्या बळावर तग धरतात, असा त्या वाक्याचा आशय आहे. मी ‘आत्मभक्षण’ हा शब्द योजला. मसुदा वाचणाऱ्या स्नेह्यांनी समासात एवढेच लिहिले : ‘पेशी स्वतःला खात असेल तर ती मेली पाहिजे, मग वाचते कशी?’ त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. शब्द बदलावा, की शब्द तोच ठेवून पुढे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण जोडावे?

निरुक्ता :
मूळ शब्दच तसा आहे, त्यात आपला दोष नाही. ग्रीक ‘ऑटो’ म्हणजे स्व आणि ‘फॅगेन’ म्हणजे खाणे. ज्यांनी 1955 मध्ये लायसोसोम, म्हणजे पेशीतील पचनाची पिशवी, आपली लयकारिका, जगापुढे आणली, त्याच क्रिस्तियां द डूव्ह यांनी 1963 मध्ये हे नाव दिले. माझा आक्षेप ‘भक्षणा’ला नसून ‘आत्म’ला आहे. आत्महत्या, आत्मघात, आत्मदहन, आत्मार्पण हे शब्द एका ओळीत लिहून पाहा, म्हणजे वाचकाच्या मनात मरण का आले ते कळेल. ‘स्वभक्षण’ लिहा. ‘स्व’ला स्मशानाचा वास नाही.

हलन्त :
‘स्व’ने काय साधणार? ‘आत्मपरीक्षण’ आणि ‘आत्मविश्वास’ यांत कोण मरतो? शिवाय सामासिक शब्दात ‘स्व’ कर्ता आहे की कर्म, हे शब्द स्वतः कधीच सांगत नाही. ‘स्वयंपाक’ करणारा माणूस स्वतः शिजत नाही, हे आपण केवळ सवयीने जाणतो. या क्रियेचे मर्म खाण्यात नसून खाल्लेले पुन्हा कामी लावण्यात आहे, म्हणून नाव त्यावरून पडायला हवे. मात्र कोणी ‘पुनर्चक्रण’ सुचवण्याआधीच सांगून ठेवतो, की तो संधी अशुद्ध आहे. पुनः आणि चक्र यांचा संधी ‘पुनश्चक्र’ असा होतो.

जुना विद्यार्थी :
संधी शुद्ध झाल्याने पेशीला काय फरक पडतो, असे विचारण्याचा मोह मी आवरतो. शाळेच्या पुस्तकात लयकारिकांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हटले होते आणि पेशी जीर्ण झाली की त्या फुटून तिलाच पचवतात, असे आम्ही पाठ केले होते. रेघताईंच्या स्नेह्यांच्या मनात ती पिशवीच बसली असणार. उपासमारीत हीच लयकारिका पेशीतील साठा पचवून तिला जगवते, हे पुढचे वाक्य मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही.

प्रयोगवही :
शब्दांचा निवाडा मी करणार नाही, कारण माझे काम प्रयोगशाळेतले आहे. पण वाद नेमका कशावर चालला आहे ते मांडतो. या क्रियेत पेशी स्वतःला खात नाही, स्वतःमधले काही भाग खाते. दुपदरी पटलाची एक पिशवी निकामी प्रथिनांभोवती किंवा बिघडलेल्या तंतुकणिकेभोवती (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाभोवती) तयार होते, ती लयकारिकेत विलीन होते आणि तिथली विकरे आतल्या मालाचे तुकडे करतात. त्यातून मिळालेली अमिनो आम्ले पेशी पुन्हा वापरते. अन्न मुबलक असताना एमटॉर नावाचे प्रथिन ही यंत्रणा दाबून ठेवते. उपासमार झाली की तो दाब सुटतो. योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टला उपाशी ठेवून 1992 मध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली आणि पुढे तिची जनुके शोधली. 2016 चे नोबेल त्यांना मिळाले ते याच कामासाठी.

ल्युकेमियात अडचण अशी आहे, की हीच क्रिया वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी लढते. रक्ताच्या निरोगी मूळपेशींमध्ये ती जुन्या तंतुकणिका वेळच्या वेळी काढून टाकते. उंदरांच्या या पेशींतून ऑटोफॅजीला लागणारे एटीजी-7 हे जनुक काढून टाकले, तेव्हा बिघडलेल्या तंतुकणिका साचल्या, डीएनएला इजा झाली आणि मायलॉइड पेशी, म्हणजे रक्तपेशींचा एक गट, बेसुमार वाढू लागल्या. हे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आजार होण्यापूर्वी ती राखणदार असते. आजार जडल्यावर मात्र कर्कपेशीही तिचाच आधार घेते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींना इमॅटिनिब हे त्या आजारावरचे औषध दिले की त्यांच्यातील ऑटोफॅजी वाढते आणि सोबत क्लोरोक्वीन देऊन लयकारिकेचे काम रोखले तर त्या अधिक संख्येने मरतात, असे 2009 मध्ये प्रयोगशाळेत दिसले. क्लोरोक्वीन हे मलेरियाचे औषध लयकारिकेतील आम्लता घटवते. रुग्णांवर इमॅटिनिबसोबत हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे त्याच्या जवळचे औषध अजमावले गेले, परंतु नित्याच्या उपचारात ही जोडी आलेली नाही.

तिसरी तऱ्हा ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची. तिथे दोन जनुके जुळून एक विकृत प्रथिन तयार होते. रेटिनोइक आम्ल आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड या औषधांमुळे ते प्रथिन नष्ट होते आणि त्या कामात ऑटोफॅजीचाही हातभार लागतो. त्यामुळे रेघताई, जो शब्द निवडाल त्याने आधीच बाजू घेऊ नये, एवढीच विनंती. ‘आत्मघात’ सुचवणारा शब्द जितका चुकीचा, तितकाच ‘संजीवन’ सुचवणाराही.

हलन्त :
प्रयोगवहींच्या वर्णनावरून मला ‘आटणी’ सुचते. जुना धातू आटवून नवी वस्तू घडवणे, हेच तर पेशी करते आहे. शब्द घरचा आहे, संस्कृतची उसनवारी नाही आणि त्यात मरणही नाही.

निरुक्ता :
कालपर्यंत पुनश्चक्राचा आग्रह धरणारे आज उसनवारीला नको म्हणतात, याची नोंद घेते. आटणे म्हणजे कमी होणे. विहीर आटते. ‘औषधानंतर पेशींची आटणी वाढते’ असे वाचल्यावर पेशींची संख्या घटली, असेच रुग्णाला वाटेल आणि तो आनंदेल. घडते आहे नेमके उलट.

जुना विद्यार्थी :
‘स्वपचन’ का नको? पुस्तकात क्रियापद ‘पचवणे’ हेच होते.

प्रयोगवही :
कारण मेलेली पेशी स्वतःच्याच विकरांनी विरघळते त्या ऑटोलिसिसला काही जण तोच शब्द वापरतात. आणि ॲपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचे ठरल्याप्रमाणे मरणे, ही आणखी वेगळी गोष्ट. 1972 मध्ये तिला मिळालेल्या ग्रीक नावात पाने गळण्याची प्रतिमा आहे.

निरुक्ता :
मग तिला ‘पानगळ’ म्हणावे! इतका सुंदर शब्द आयता असताना ‘नियोजित पेशीमृत्यू’ कशाला?

रेघ :
पानगळ मनापासून आवडली, पण माझ्या लेखात ती कुठेच येत नाही. तूर्त मी वाक्य असे केले आहे : ‘औषधांचा ताण आला की ल्युकेमियाच्या काही पेशी आपलेच निकामी भाग मोडून त्यांतून लागणारी सामग्री मिळवतात, या क्रियेला ऑटोफॅजी किंवा स्वभक्षण म्हणतात.’ क्रियापदाने काम भागते, पण हा शब्द लेखात चौदा वेळा येतो आणि दर वेळी एवढे सांगता येणार नाही.

जुना विद्यार्थी :
पहिल्यांदा उलगडून सांगा आणि पुढे सरळ ‘ऑटोफॅजी’ लिहा. ‘ल्युकेमिया’चा तरी अर्थ कोण पाहतो? जर्मन वैद्य विरखोव यांनी 1847 मध्ये दिलेल्या त्या नावाचा अर्थ ‘पांढरे रक्त’ एवढाच आहे. ते आजाराची यंत्रणा समजावत नाही आणि तरीही दीडशेहून अधिक वर्षे चालले आहे.

हलन्त :
ल्युकेमिया चालतो, म्हणून सगळेच चालवून घ्यायचे का? याच न्यायाने ‘पेशी’ही चालली आहे. विश्वकोशात ‘कोशिका’ हा नेमका शब्द असताना आपण सगळे वरपासून ‘पेशी’ लिहीत आहोत, आणि सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी सांगितल्या त्या मांसाच्या.

निरुक्ता :
त्याच सुश्रुताचा ‘स्नायू’ म्हणजे सांधे आवळून धरणारा बंध, आणि आपला स्नायू म्हणजे मांस. मराठीने दोन्ही शब्द जागेवरून हलवले आणि कोणाचा उपचार त्यामुळे चुकला नाही.

हलन्त :
चुकला नाही, हे ठरवणार कोण? रेघताई, आपल्या मसुद्यात ‘पेशी’ आहे की ‘कोशिका’?

रेघ :
पेशी. आणि ती चौदा वेळांहून बरीच अधिक वेळा आली आहे.